टेकडीवर गेले तरी मन घरातच राहते : कौटुंबिक ताणानंतरची शांतता आणि कृतज्ञता

प्रश्न विचारणाऱ्या बाई पुण्याच्या आहेत, वय ४९. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सहा वर्षे त्यांनी शुश्रूषा केली. सासूबाई गेल्यावर घराच्या वाटणीवरून दीर आणि नणंद यांच्याशी वाद झाला, तो दोन वर्षे चालला, वकिलांपर्यंत गेला आणि गेल्या दिवाळीच्या आधी कागदोपत्री मिटला. आता त्या, त्यांचे यजमान आणि मुलगा वेगळ्या घरात राहतात. भांडण संपले आहे, तरी रात्री तीनला जाग येते आणि तीच वाक्ये डोक्यात फिरत राहतात. कुणी सुचवले म्हणून त्या रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातात आणि रात्री वहीत कृतज्ञतेच्या पाच गोष्टी लिहितात. त्या विचारतात, ‘टेकडीवर मला झाडे दिसतच नाहीत, माणसेच दिसतात, आणि वहीत लिहिलेले मला खोटे वाटते. माझ्यातच काही कमी आहे का?’

तुमच्यात काहीही कमी नाही, हे आधी सांगते. तुम्ही ज्याला अपयश समजता आहात ती दीर्घ ताणातून बाहेर पडणाऱ्या शरीराची नेहमीची अवस्था आहे. सहा वर्षे तुम्ही झोपेतही एक कान उघडा ठेवलात, आणि त्यानंतरची दोन वर्षे फोन वाजला की तुमच्या पोटात गोळा आला असणार. धोक्याची चाहूल घेत राहण्याची ही सवय मेंदूला आणि शरीराला खोलवर लागते. तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या म्हणून ती त्याच दिवशी सुटत नाही. घरच्या आजाऱ्याची सेवा केलेल्या माणसांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे, की काम चालू असते तोवर ती खंबीर असतात आणि सगळे संपल्यावर खचतात, कारण तोवर खचायला सवडच मिळालेली नसते. तुमच्या बाबतीत तर सासूबाईंच्या जाण्याचे दुःखही वादाखाली दबून गेले असावे. ज्या घरात त्यांना न्हाऊ-माखू घातले त्याच घराचे चौरस फूट मोजायची वेळ आली, तेव्हा रडायला जागा कुठे उरली असेल?

पहाटे जाग येण्याचा सगळा भार मात्र मनावर टाकू नका. तुमच्या वयात रजोनिवृत्तीच्या आसपासच्या बदलांमुळेही झोप मोडते, आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ जीवनसत्त्व यांत बिघाड असेल तर थकवा आणि चिडचिड वाढते. एकदा डॉक्टरांना भेटून या तपासण्या करून घ्या. औषधाने बरी होणारी गोष्ट मनोबलाने बरी करण्याचा प्रयत्न करण्यात फार शक्ती वाया जाते, आणि तुमच्याकडे आत्ता ती जपून वापरण्याइतकीच आहे.

आता टेकडीविषयी. निसर्गात गेल्यावर मन आपोआप शांत होते, असे ज्यांनी तुम्हाला सांगितले त्यांनी अर्धेच सांगितले. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ मध्ये जी उपपत्ती सविस्तर मांडली, ती मला या बाबतीत सर्वांत उपयोगी वाटते. त्यांच्या मते आपले लक्ष दोन तऱ्हांनी काम करते. एक, आपण प्रयत्नपूर्वक लावतो ते : औषधांच्या वेळा पाळणे, वकिलांचा मसुदा वाचणे, बोलताना तोंडून वावगे जाऊ नये म्हणून स्वतःला आवरणे. हे लक्ष थकते, आणि ते थकले की माणूस विसराळू होतो, चिडतो आणि नको असलेला विचार बाजूला सारण्याची त्याची ताकद कमी होते. दुसरे लक्ष वेधले जाते, लावावे लागत नाही : पानांची सळसळ, ढगांची चाल, पाण्यावरचे तरंग. त्यात मन गुंतते, पण इतके नाही की दुसरे काही सुचू नये. या हलक्या गुंतण्याच्या काळात पहिल्या प्रकारच्या लक्षाला विश्रांती मिळते. म्हणजे निसर्ग दुःख काढून घेत नाही. दुःख सांभाळणारी जी शक्ती संपत आलेली असते ती भरून यायला तो वेळ देतो. हा फरक लक्षात घेतला तर टेकडीकडून नको ती अपेक्षा राहणार नाही.

याला प्रयोगांचाही थोडाफार आधार आहे. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी शहरवासीयांना ९० मिनिटे चालायला पाठवले. निम्मे जण गवत आणि ओकची झाडे असलेल्या मोकळ्या परिसरात गेले, निम्मे वाहत्या रस्त्याच्या कडेने. परतल्यावर पहिल्या गटाने स्वतःविषयीचे तेच ते कडू विचार कमी झाल्याचे नोंदवले, आणि अशा विचारांशी संबंध असलेल्या मेंदूच्या एका भागातील हालचालही त्यांच्यात कमी दिसली. दुसऱ्या गटात असा बदल दिसला नाही. ही माणसे ३८ होती आणि फेरी एकच होती, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत असे आढळले की आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा अधिक काळ निसर्गात घालवणारे लोक आपले आरोग्य आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते, आणि हा वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्यांत, याने फारसा फरक पडत नव्हता. अर्थात मुळात बरे वाटणारी माणसेच बाहेर अधिक पडत असतील, ही शक्यता अशा पाहणीत राहतेच. तरीही तुमच्यासाठी यात एक दिलासा आहे. रोज गेलेच पाहिजे असे नाही. आठवड्यातून तीन सकाळी प्रत्येकी चाळीस मिनिटे गेलात तरी पुरे आहे, आणि उरलेल्या दिवशी झोप लागली असेल तर झोपा.

कारण मला अशी शंका आहे की तुमची टेकडी हे तुमचे नवे कर्तव्य झाले आहे. आठ वर्षे जिने प्रत्येक गोष्ट नेमाने केली ती स्त्री विश्रांतीही नेमाने करू लागते. ठरल्या वेळी निघायचे, भराभर वर जायचे, पावले मोजायची, परत येऊन डबा करायचा. त्या वेगात शरीराला व्यायाम होतो आणि तो चांगलाच आहे, पण मन त्या वेळात मोकळे असते आणि मोकळे मन जिथे दुखते तिथेच जाते. नणंदेला काय उत्तर द्यायला हवे होते, याची उजळणी करायला एकट्याने भराभर चालण्याइतकी सोयीची वेळ दुसरी नाही.

म्हणून फेरी निम्मी करा आणि उरलेला वेळ एका जागी बसा. जागा एकच ठरवा, शक्यतो एखाद्या झाडाजवळची, जिथून थोडे आकाश आणि थोडी जमीन दिसेल. वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या बाजूला, किंवा विधी महाविद्यालयाकडून चढून आल्यावर, अशा जागा सापडतील. गर्दीच्या वाटेपासून फार आत मात्र जाऊ नका. फोन जवळ असू द्या, सुरक्षिततेसाठी तो हवा, पण आवाज बंद करून पिशवीत ठेवा. नातेवाइकांचा व्हॉट्सॲप गट अजून चालू असेल तर सकाळी परत येईपर्यंत तो उघडू नका. मी तर म्हणेन, तो काही महिने मूक करून ठेवा.

बसल्यावर डोळ्यांच्या आधी कानांना काम द्या. दृश्याकडे पाहत असताना माणूस सहज स्वतःत हरवतो, ऐकताना तितका हरवत नाही, असा माझा अनुभव आहे. सर्वांत दूरचा आवाज कोणता, सर्वांत जवळचा कोणता, हे शोधा. खालच्या रस्त्यावरची वाहतूक ऐकू येईल, तीही येऊ द्या. तांबट पक्ष्याचा टुक-टुक असा एकसुरी आवाज, बुलबुलांची बडबड, मोराची आरोळी. काही दिवसांनी कोणता आवाज कुठून येतो हे कळू लागेल. मग एका झाडाचा, किंवा एकाच फांदीचा, पाठपुरावा करा. टेकडीवर गिरिपुष्पाची लागवड भरपूर आहे. हिवाळा संपताना त्याची पाने झडतात आणि फिक्या गुलाबी फुलांनी फांद्या भरतात. शहरातल्या रस्त्यांवर त्याच सुमारास पांगारा आणि काटेसावर फुलतात, पिंपळाला तांबूस पालवी येते, एप्रिल-मे मध्ये बहावा पिवळा होतो आणि आपले राज्यफूल असलेला तामणही जांभळा फुलतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे अंधारातच दयाळ पक्षी गाऊ लागतो. तीनला जाग आलीच आणि पुन्हा झोप लागली नाही, तर त्याची वाट पाहता येते. हिवाळ्यात आलेला थिरथिरा, शेपटी सतत थरथरवणारा छोटा पक्षी, एक दिवस दिसेनासा होतो, आणि तो आपल्या वेळेनुसार परत गेलेला असतो. या गोष्टी मी मुद्दाम तपशिलाने सांगते आहे. ‘निसर्ग’ असे मोघमपणे पाहिले तर मन त्याला धरून राहू शकत नाही. ठरावीक झाड, ठरावीक पक्षी, कालच्यापेक्षा आज झालेला बदल, यांना ते धरून राहते. आणि ज्या घरात वर्षानुवर्षे फक्त बिघडतच गेलेले पाहिले, त्या घरातून आलेल्या माणसाला कुणाच्याही मदतीशिवाय वेळेवर होणारे काही पाहणे फार आवश्यक असते.

तरी विचार येतीलच. त्यांच्याशी झगडू नका. झगडल्याने ते बळावतात. यासाठी एक जुनी, तपासून पाहिलेली पद्धत आहे : काळजीला दिवसातली एक वेळ नेमून देणे. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे, घरातल्या एकाच खुर्चीवर बसून, वाटणीविषयीचे सगळे विचार वहीत उतरवायचे, कितीही कडू असले तरी. सकाळी टेकडीवर दीर आठवले की मनात इतकेच म्हणायचे, ‘संध्याकाळी,’ आणि कान पुन्हा आवाजाकडे न्यायचे. एका बैठकीत हे तीस वेळा करावे लागले तरी ती बैठक वाया गेलेली नाही. लक्ष परत आणणे हाच तो सराव आहे. आणि कधी तिथे बसल्या बसल्या रडू आले, तर ते येऊ द्या. इतक्या वर्षांत तुमच्याकडे काहीही न मागणारी ही बहुधा पहिलीच जागा आहे, म्हणून रडू तिथे येते.

सहलींविषयी थोडे. महाबळेश्वरला किंवा कासला सगळ्यांनी मिळून जाऊन येऊ, असा बेत घरात निघेल. जरूर जा, पण ती तुमची विश्रांती समजू नका. शिदोरी, कपडे, औषधे आणि सगळ्यांच्या आवडीनिवडी सांभाळणे तुमच्याचकडे येईल. गुडघे दुखत असतील तर टेकडीचाही हट्ट नको, जवळची बाग चालेल. आणि पावसात बाहेर पडणे जमले नाही तर खिडकीही लहान गोष्ट नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी पडताळल्या होत्या. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या खोलीतले रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या खोलीतल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नव्या घरात तुमची खुर्ची कुठे ठेवायची हे ठरवताना एवढे लक्षात ठेवा.

आता वहीकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातला खरा सल मला तिथे दिसतो. तुम्ही काय लिहिता हे तुम्ही सांगितलेले नाही, पण अशा वह्यांत मी बहुतेक वेळा हेच वाचले आहे : चांगले यजमान, गुणी मुलगा, मोठ्यांचे आशीर्वाद, डोक्यावर छप्पर. यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते आणि तरी लिहिताना खोटे वाटू शकते. आपल्याकडे घरातली कृतज्ञता बरेचदा वसूल केली जाते. ‘एवढे केले आम्ही तुमच्यासाठी’ हे वाक्य ज्या घरात शस्त्रासारखे वापरले गेले, तिथे आभार मानणे म्हणजे पुन्हा एकदा मान खाली घालणे, असे शरीराला वाटते. उपकाराच्या ओझ्याची भावना आणि कृतज्ञता या वेगळ्या आहेत, हे मानसशास्त्रातही दिसून आले आहे : देणाऱ्याला परतफेडीची अपेक्षा आहे असे जितके जाणवते तितके ओझे वाढते आणि कृतज्ञता घटते. तुमचे मन वहीला नकार देते आहे ते याच कारणाने, आणि त्या नकाराचा मी आदर करते.

म्हणून काही महिने वहीतून माणसे काढून टाका. जे तुमच्याकडून काहीही परत मागत नाही त्याविषयीच लिहा, आणि जितके बारीक लिहिता येईल तितके बारीक लिहा. ‘निसर्ग सुंदर आहे’ असे नको. ‘आज खडकावर बसले तेव्हा तो उन्हाने कोमट झाला होता आणि पाठीला बरे वाटले’ असे लिहा. खरे वाटेल तेवढेच लिहा, एकच ओळ झाली तरी चालेल, आणि रोज लिहिण्याची गरज नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ च्या ज्या अभ्यासामुळे अशा वह्या लोकप्रिय झाल्या, त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदाच लिहिले होते, दहा आठवडे, आणि तेवढ्यानेही त्यांचे आयुष्याविषयीचे समाधान इतर गटांपेक्षा वाढलेले दिसले. रविवारी सकाळी परत आल्यावर चहा घेताना लिहा.

माणसे पुढे हळूहळू परत येतील, आणि त्यांचाही एक क्रम असतो असे मी पाहिले आहे. आधी आठवतात ती कडेची माणसे : रात्रपाळीला येणाऱ्या मावशी, न विचारता पोळी-भाजीचा डबा पाठवणाऱ्या शेजारीण, रविवारी दुकान उघडून औषध देणारे औषधविक्रेते. त्यांच्याविषयी लिहिताना खोटे वाटणार नाही. जमेल तेव्हा त्यांच्यापैकी एखाद्याला भेटून तसे सांगाही. सासूबाईंविषयी काय वाटते ते फार नंतर कळेल, आणि त्यात माया, दमणूक, राग आणि सुटकेची भावना एकत्र असेल. तसे असणे हा कृतघ्नपणा नाही. दीर आणि नणंद यांच्याविषयी कृतज्ञ वाटलेच पाहिजे, असे कुणीही सांगितले तरी ऐकू नका. क्षमा करणे ही वेगळी गोष्ट, पुन्हा येणे-जाणे सुरू करणे ही आणखी वेगळी, आणि मनाची शांतता या दोन्हींवर अवलंबून नाही.

तुमच्या यजमानांचा तुमच्या प्रश्नात फक्त उल्लेख आहे. त्यांचे या वादात भाऊ-बहीण दुरावले आहेत आणि आई गेली आहे. त्याविषयी ते बोलत नसतील तर नवल नाही. आठवड्यातून एक दिवस त्यांनाही टेकडीवर न्या, एका अटीवर : वर असेपर्यंत वाटणीचा विषय काढायचा नाही. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना पुष्कळांना बोलता येते, पण त्यासाठी आधी बराच काळ नुसते चालावे लागते.

पुण्याच्या टेकड्यांवर उन्हाळ्यात कॅन वाहून नेऊन रोपांना पाणी घालणारी मंडळी तुम्हाला भेटतील आणि सामीलही करून घेतील. हे काम मला अतिशय मोलाचे वाटते, आणि पुष्कळ खचलेल्या माणसांना त्याने उभे केले आहे. तरी तुम्ही या उन्हाळ्यात ते अंगावर घेऊ नका. सहा वर्षे एक जीव जगवण्याची जबाबदारी वाहिल्यावर लगेच दुसरे काही जगवायला घेऊ नये. रोप वाळले तर ते तुमच्या जिव्हारी लागेल. पुढच्या वर्षी वाटले तर जा.

या सगळ्याची मर्यादाही स्पष्ट सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न राहत असेल, भूक मेली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. झाडे त्या उपचारांच्या जोडीला असावीत, त्यांच्या जागी नकोत. जगू नये असे विचार आले तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. तुमचा वाद मिटलेला आहे म्हणून मी शांततेविषयी एवढे लिहू शकले. घरात मारहाण, धमक्या किंवा छळ अजून चालू असलेल्या एखाद्या वाचक भगिनीने हे वाचले, तर तिला माझे सांगणे निराळे आहे : सकाळच्या फेरीतून बळ घेऊन तोच छळ आणखी सोसू नका. महिलांसाठी १८१ हा मदतक्रमांक आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण आहे, आणि आधी सुरक्षितता महत्त्वाची आहे.

तुमच्यापुढे एक अवघड काळ येणार आहे, त्याची तयारी आत्ताच करा. सासूबाईंचे वार्षिक श्राद्ध, गणपती आणि दिवाळीतील भाऊबीज, या तीन वेळी कमी झालेले सगळे पुन्हा उसळून येईल. झोप मोडेल आणि वहीतली ओळ सुचणार नाही. त्याचा अर्थ तब्येत पहिल्यासारखी बिघडली असा घेऊ नका. जुन्या घरच्या गणपतीला जायचे की नाही, गेलात तर किती वेळ थांबायचे आणि कोणत्या निमित्ताने निघायचे, हे यजमानांशी बोलून महिनाभर आधी ठरवा, आणि मुलालाही सांगून ठेवा. त्या आठवड्यात पाहुणे असोत किंवा नैवेद्य असो, तुमच्या तीन सकाळी कुणालाही देऊ नका.